पुद्दुचेरीच्या आश्रमातलं पुस्तकांचं दुकान आणि बेचाळीस सालचं एक पत्र

सोलापूरच्या एका हायस्कुलात मी 31 वर्षं इतिहास शिकवला. दुसऱ्या महायुद्धाचा धडा आला की व्हर्सायचा तह, 1929 ची मंदी, बेकारी, 30 जानेवारी 1933 ला हिटलर चान्सलर झाला, असं सगळं फळ्यावर ओळीनं लिहायचे. आणि दरवर्षी कुणीतरी पोरगं विचारायचंच, "बाई, एवढी शिकलेली माणसं त्याच्या मागं कशी गेली हो?" मी पुन्हा तीच कारणं सांगायचे. ती खोटी नव्हती, पण पोराचं समाधान व्हायचं नाही आणि माझंही.

निवृत्तीनंतर इथल्या एका व्याख्यानमालेत 'राजकारणातल्या आसुरी शक्ती' असा विषय होता, म्हणून आवर्जून गेले. वक्त्यानं क्रांतिकारक असून पुढं योगी झालेल्या श्री अरविंदांचं नाव घेतलं आणि पुढचा तासभर आजचे कोणते पक्ष असुर आहेत, त्याची यादी वाचली. टाळ्या पडल्या. मला ते फार लागलं. मूळ माणूस काय म्हणाला होता ते आपणच बघावं, म्हणून फेब्रुवारीत पुद्दुचेरीला, त्यांच्या आश्रमात गेले. सोलापूरहून चेन्नईची गाडी आणि पुढं किनाऱ्याच्या रस्त्यानं बस.

आधी समाधीबद्दल. अंगणात सोनमोहराचा मोठा वृक्ष आहे आणि त्याच्याखाली संगमरवरी समाधी. त्यावर रोज ताज्या फुलांची रचना करतात. श्री अरविंदांना इथे डिसेंबर 1950 मध्ये ठेवलं आणि त्यांच्यासोबत आश्रम चालवणाऱ्या माताजींना 1973 मध्ये त्याच समाधीत. मोबाइल बंद, चपला बाहेर, बोलायचं नाही. तीन वर्षांखालच्या मुलांना आत घेत नाहीत. दुपारी दोन तास बंद असतं, तेवढं बघून जा.

आता दुकान. नाव 'शब्द'. मी सरळ विचारलं, "महायुद्धावर त्यांनी लिहिलेली पत्रं कुठल्या खंडात आहेत?" काउंटरवरच्या वयस्क गृहस्थांनी मान हलवली, आत गेले आणि दोन जाडजूड खंड घेऊन आले. पानं उलटून जागा दाखवली आणि बाजूला झाले. मी उभ्यानंच तासभर वाचलं, पण "घेणार का?" असं एकदाही विचारलं नाही. छपाई स्वच्छ, बांधणी मजबूत. इंग्रजी मात्र जड आहे, वाक्यं लांबलचक. शब्दकोश जवळ ठेवा. मराठीतलीही पुस्तकं आहेत, आणि मूळ इंग्रजी लेखन आश्रमाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतं.

वाचलं ते असं. ऑक्टोबर 1939 मध्येच त्यांनी हिटलरवर कविता लिहिली होती. माणूस खुजा, पण त्याला उचलून धरणारी शक्ती दानवी, असा तिचा सूर. सप्टेंबर 1940 मध्ये त्यांनी आणि माताजींनी उघडपणे दोस्त राष्ट्रांची, म्हणजे हिटलरविरुद्ध लढणाऱ्या इंग्रजांच्या गटाची, बाजू घेऊन युद्धनिधीला देणगी दिली. ज्या इंग्रजांनी त्यांना वर्षभर अलीपूरच्या तुरुंगात ठेवलं होतं, त्यांचीच बाजू! आश्रमातले काही शिष्यसुद्धा नाराज झाले होते. जुलै 1942 च्या पत्रात त्यांनी म्हटलंय की राष्ट्रांच्या चुका मोजत बसू नका, चुका सगळ्यांच्याच आहेत. लढाईच्या मागं कोणत्या शक्ती उभ्या आहेत ते बघा. दोस्त म्हणजे देव, असं त्यांनी कधीच म्हटलं नाही. आणि जून 1950 मध्ये, कोरियाचं युद्ध पेटल्याबरोबर, कम्युनिस्टांचा डाव तिबेटच्या वाटेनं भारतापर्यंत येईल असं त्यांनी लिहून ठेवलं. ऑक्टोबरात चिनी सैन्य तिबेटात शिरलं. ते पान वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

सगळंच मला पटलं असं नाही. डंकर्कपासून, म्हणजे 1940 मध्ये इंग्रज फौजेला फ्रान्समधून माघार घ्यावी लागली तेव्हापासून, आपण दोस्तांच्या मागं आध्यात्मिक बळ लावलं, असं ते सांगतात. माझी श्रद्धा आहे, पण वर्गात हे मी शिकवणार नाही.

पोरांच्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं ते वेगळ्याच ठिकाणी, आणि ते एका मराठी माणसापाशी आहे. जानेवारी 1908, बडोदं. सुरतेची काँग्रेस नुकतीच फुटलेली. विष्णू भास्कर लेले नावाच्या योग्यानं अरविंदबाबूंना माडीवरच्या खोलीत तीन दिवस बसवलं. सांगितलं एवढंच, की विचार तुमचे नसतात, ते बाहेरून येतात. येताना बघा आणि आत शिरायच्या आधी परतवा. तीन दिवसांत त्यांचं मन निःशब्द झालं. जो विचार आपलाच वाटतो तो बाहेरून आलेला असू शकतो, हे ज्यानं स्वतः बघितलं, त्यालाच एक अख्खं राष्ट्र असं कसं भारलं जातं ते कळणार. मंदी, बेकारी, अपमान यांनी दाराला फट पडते. आत येणारा वेगळाच असतो, आणि दाराशी कुणी बसलेलं नसतं.

म्हणून त्या व्याख्यात्यावर माझा राग आहे. असुर म्हणजे समोरचा पक्ष, असं सांगितलं की आपल्या दाराकडं बघायलाच नको. पसायदानातसुद्धा खळांचा नाश मागितलेला नाही, त्यांचा वाकडेपणा जावा एवढंच मागितलंय.

त्याच संध्याकाळी समुद्राकाठच्या रस्त्यावर बसले होते. धाकट्या भावाचा व्हॉट्सअॅपवर निरोप आला, नेहमीसारखाच, दुसऱ्या बाजूच्या लोकांबद्दल. गेली दोन वर्षं याच्यावरूनच आमचं बोलणं तुटत आलंय. वाचल्याबरोबर छातीत काहीतरी चढलं, उत्तर बोटांत तयार होतं. या वेळी मात्र ते चढताना मला दिसलं. पहिल्यांदाच. फोन पालथा ठेवला, लाटा बघत बसले. मग त्याला फोन लावून गुडघ्याचं विचारलं. तो जरा गप्प झाला आणि म्हणाला, "ताई, तू आहेस कुठं?"

दोन खंड घेतले, पैकी एक त्याच्यासाठी. 5 डिसेंबरला, श्री अरविंदांच्या महासमाधीच्या दिवशी, पुन्हा जायचं ठरवलंय. तोही येतो म्हणालाय. तिकिटं अजून काढलेली नाहीत.