रेडिओलॉजीच्या रेसिडेंटांनो, ‘फिजिक्स गॅरंटी पॅक’ला पैसे देऊ नका

परीक्षेला दोन-तीन महिने उरले की संभाजीनगर, नांदेड, लातूर, अंबाजोगाईच्या रेडिओलॉजी रेसिडेंटांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर ‘फिजिक्स गॅरंटी पॅक’ फिरायला लागतो, म्हणजे ‘पेपर यातूनच येतो’ म्हणून विकली जाणारी प्रश्नोत्तरांची फाइल. नाव दरवेळी बदलते, माल तोच असतो. काही जेआर-थ्रींनी (तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटांनी) ४,९९९ रुपये देऊन घेतलेला असा एक पॅक आम्ही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तपासला. पैसे गेले ते गेलेच. त्याहून वाईट म्हणजे त्यातली चुकीची उत्तरे पाठ करून मुले व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) बसली.

हा धंदा आपल्याकडे चालतो त्याला कारणे आहेत. बारावीनंतर फिजिक्सचे पुस्तक कोणी उघडलेले नसते. एमडीच्या ४ लेखी पेपरांत फिजिक्स पहिल्याच पेपरात समोर येते आणि व्हायव्हात एक्स-रे ट्यूब, ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी), टीएलडी बॅज (कर्मचाऱ्याचा किरणोत्सर्गाचा डोस मोजणारा) टेबलावर मांडून पुन्हा विचारले जाते. दिवसभर सोनोग्राफीची रांग, रात्री इमर्जन्सी सीटी, मध्ये थीसिस. विभागात फिजिक्स शिकवणारा वेगळा माणूस बहुधा नसतो. अशा वेळी कोणी ‘सर, फक्त ३०० प्रश्न करा, पेपर यातूनच येतो’ म्हटले की थकलेला माणूस विश्वास ठेवतो.

सुरुवात ओळखीच्या चेहऱ्याने होते. एखाद्या पास झालेल्या सीनियरचा फोटो आणि नाव लावलेला नवा नंबर ग्रुपमध्ये येतो आणि आठ-दहा पानांचा नमुना टाकतो. नमुना चांगलाच असतो, कारण ती पाने कुठल्या तरी चांगल्या पुस्तकातून उचललेली असतात आणि विषयही सोपा निवडलेला असतो: एक्स-रे ट्यूबची रचना, नाही तर अल्ट्रासाउंडची ओळख. मग टेलिग्राम चॅनलची लिंक येते. तिथे ‘मागच्या पेपरातले इतके प्रश्न आमच्याकडून आले’ याचा पुरावा म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्रीची पोस्ट दाखवतात. तो पुरावा बनवणे अगदी सोपे आहे. टेलिग्राम चॅनलवरची जुनी पोस्ट मागाहून बदलता येते आणि तारीख मात्र पहिलीच राहते. पेपर झाला की त्या पोस्टमध्ये खरे प्रश्न भरले, काम झाले. पोस्टवर ‘एडिटेड’ असा बारीक शिक्का दिसतो, पण स्क्रीनशॉट देताना तो कापलेला असतो.

पैसे नेहमी खासगी यूपीआयवर मागतात आणि ‘आज रात्री बारापर्यंतच हा दर’ असे सांगतात. पैसे पाठवताना बँकेने दाखवलेले नाव आणि चॅनलवरचे नाव जुळत नाही. हे तिथल्या तिथे दिसते, पण घाईत कोणी बघत नाही. पैसे पोचले की दुसरी मागणी येते: जीएसटी, अ‍ॅक्टिव्हेशन, परत मिळणारे डिपॉझिट. नकार दिला तर ‘रिफंडसाठी हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ म्हणतात. पैसे यायचे असतील तर पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे आपल्याच खात्यातून पैसे गेले. यातला सगळ्यात घातक प्रकार म्हणजे ‘व्हिडिओ लेक्चर बघायला हे अ‍ॅप टाका’ म्हणून पाठवलेली एपीके फाइल. प्ले स्टोअरबाहेरचे असे अ‍ॅप मेसेज वाचायची परवानगी घेते आणि बँकेचे ओटीपी परस्पर तिकडे पोचवते.

आता फाइलबद्दल. मुखपृष्ठापासूनच लक्षात येते की हा विद्यापीठाच्या परीक्षेसाठीचा माल नाही. बहुतेक प्रश्न ब्रिटनच्या एफआरसीआर पार्ट वन या रेडिओलॉजी परीक्षेच्या जुन्या धाटणीचे आहेत: एक वाक्य आणि खाली ५ विधाने, प्रत्येक खरे की खोटे. ती परीक्षा वाईट नाही, पण आपल्याकडे ‘टीप लिहा’, ‘आकृतीसह स्पष्ट करा’ असे विचारतात. रोटेटिंग अ‍ॅनोडची नावे दिलेली आकृती काढता आली नाही तर ३०० खरे-खोटे पाठ असून उपयोग शून्य. शिवाय कायद्याचा अख्खा भाग ब्रिटनचा आहे. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळ म्हणजे एईआरबी, २००४ चे किरणोत्सर्ग संरक्षण नियम आणि रेडिएशन सेफ्टी ऑफिसर. किरणोत्सर्गात काम करणाऱ्यांची डोस मर्यादा ५ वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात जास्तीत जास्त ३०. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाच्या (आयसीआरपी) शिफारशीत हा एका वर्षाचा आकडा ५० आहे आणि पॅकमध्ये तोच छापलाय. व्हायव्हात ५० म्हटले की परीक्षक पुढचा प्रश्न विचारण्याआधीच मत बनवतो. बॅजचेही तसेच. पॅकमध्ये लिथियम फ्लोराइड लिहिले आहे. आपण छातीवर, लेड अ‍ॅप्रनच्या आत लावतो त्या टीएलडीत डिस्प्रोसियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या ३ चकत्या असतात.

जुना माल ओळखायची पक्की खूण टिश्यू वेटिंग फॅक्टरच्या तक्त्यात (कुठला अवयव किरणोत्सर्गाला किती संवेदनशील ते सांगणारे आकडे) सापडते. त्यात गोनॅड (जननग्रंथी) ०.२० आणि स्तन ०.०५ दिसले तर तो तक्ता आयसीआरपीच्या १९९० च्या शिफारशीतला. २००७ च्या शिफारशीत गोनॅड ०.०८ आणि स्तन ०.१२ झाले. स्तनाचा आकडा दुपटीहून वाढला, आणि छातीच्या सीटीत तरुण मुलीच्या स्तनांचा डोस का जपायचा हे या बदलातून कळते. हे दोन आकडे कुठल्याही विक्रेत्याला पैसे देण्याआधी विचारा.

स्कॅन करून अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढलेल्या फाइलमध्ये घातांक खाली उतरतात, हा दुसरा मोठा दोष. फोटोइलेक्ट्रिक परिणाम अणुक्रमांकाच्या घनावर अवलंबून असतो, पण फाइलमध्ये ‘झेड ३’ असे सरळ ओळीत आल्याने मुलांनी ‘तिप्पट’ असे पाठ केले. हाडाचा प्रभावी अणुक्रमांक सुमारे १३.८, मऊ ऊतीचा ७.४. गुणोत्तर १.८६, त्याचा घन साधारण साडेसहा. हाड पांढरे का दिसते त्याच्या उत्तराचा मोठा भाग याच साडेसहात आहे. दशांश चिन्हही असेच गळते: मऊ ऊतीतले अल्ट्रासाउंडचे क्षीणन (जोर कमी होणे) दर सेंटिमीटरला, दर मेगाहर्ट्झला ०.५ डेसिबल, आणि पॅकमध्ये ५.

काही चुका मात्र छपाईच्या नाहीत, लिहिणाऱ्याला विषयच कळलेला नाही. ‘टंगस्टन टार्गेटवर ६० केव्हीपीला के-कॅरॅक्टरिस्टिक किरण मिळतात’ हे विधान खरे दिले आहे. केव्हीपी म्हणजे ट्यूबचा कमाल किलोव्होल्ट; इलेक्ट्रॉनला जास्तीत जास्त तेवढेच केईव्ही मिळतात. वरवर पटते, कारण के-अल्फाची ऊर्जा ५९ केईव्हीच्या आसपास आहे. पण तो किरण निघायला आधी के-कवचातला इलेक्ट्रॉन बाहेर पडावा लागतो, आणि टंगस्टनमध्ये त्याची बंधन ऊर्जा ६९.५ केईव्ही आहे. ७० केव्हीपीच्या खाली के-रेषा मिळतच नाही. परीक्षकांना आवडणारा प्रश्न हाच, आणि गॅरंटी पॅक नेमका इथेच बुडवतो.

म्हणून विकणाऱ्याने निवडलेला नमुना बघू नका. आपण पान मागा: डोस मर्यादा, टीएलडी, वेटिंग फॅक्टर, एमआरआयची लार्मर वारंवारता (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रक ज्या वारंवारतेने डोलते ती). शेवटच्याचे उत्तर हायड्रोजनला १ टेस्लाला ४२.५८ मेगाहर्ट्झ, म्हणजे १.५ टेस्लाला सुमारे ६३.९. खरा शिकवणारा माणूस ही पाने लगेच दाखवतो. ठग ‘पेमेंटनंतर’ म्हणतो.

पैसे न देता तयारी होते, आणि ती आपल्या विभागातल्या मशीनवरच होते. सोनोग्राफी घ्या. आवाजाचा वेग १५४० मीटर प्रतिसेकंद, म्हणून १ सेंटिमीटर खोलीपर्यंत जाऊन परत यायला १३ मायक्रोसेकंद लागतात. खोली १५ सेंटिमीटर ठेवली तर एका ओळीला १९५ मायक्रोसेकंद, १२८ ओळींना २५ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला ४० फ्रेम. खोली २० केली की हिशेब ३० वर येतो. मशीनवर फोकसची संख्या वाढवून, सेक्टर अरुंद करून फ्रेम रेट बघा. एका दुपारी अख्खा धडा होतो. सीटीच्या कन्सोलवर पेशंटच्या शेवटी डोसचे पान येते. सीटीडीआय-व्हॉल्यूम (स्कॅनच्या डोसची तीव्रता) १२ मिलिग्रे आणि स्कॅन लांबी ४० सेंटिमीटर असेल तर डीएलपी (दोन्हींचा गुणाकार) ४८०. प्रौढाच्या पोटासाठी ०.०१५ ने गुणले की ७.२ मिलिसीव्हर्ट. रोज एका पेशंटचा असा हिशेब वहीत केला तर डोसवरच्या टिपेला वेगळी तयारी लागत नाही.

सर्व्हिस इंजिनिअर मशीनच्या देखभालीला येतो त्या दिवशी त्याच्यासोबत उभे राहा. संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात रेडिओथेरपी चालते, तिथे मेडिकल फिजिसिस्ट असतात. विभागप्रमुखांच्या पत्राने त्यांच्याकडून दोन-चार तास मागून घेता येतात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०१४ मध्ये काढलेले निदानात्मक रेडिओलॉजी फिजिक्सचे जाडजूड पाठ्यपुस्तक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. जुने पेपर सीनियरकडे असतातच.

पैसे गेलेच असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते आणि गोठवता येत नाही. फोन करताना व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर नंबर हाताशी ठेवा, बँकेलाही लगेच कळवा, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार टाका. टेलिग्रामवर समोरचा माणूस दोन्हीकडचे संभाषण पुसू शकतो, म्हणून भांडण करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. दिसणारे नाव कधीही बदलता येते. युजरनेम, यूपीआय आयडी आणि बँकेने दाखवलेले नाव टिपून ठेवा. पोलिसांत भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आणि तोतयेगिरी असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-डी लागते.

बरेच जण ‘फुटलेला पेपर’ मागितला होता म्हणून लाजेने गप्प बसतात, आणि ठगाचा सारा भरवसा त्या गप्प बसण्यावर असतो. परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात १९८२ पासून स्वतंत्र कायदा आहे, म्हणून अशा पेपराच्या वाटेला जाऊच नका. ज्यांनी नोट्स समजून पैसे दिले त्यांना लपवण्यासारखे काही नाही. एपीके टाकली असेल तर फोन आधी फ्लाइट मोडवर टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून नेट बँकिंग आणि यूपीआय बंद करवा, मगच ते अ‍ॅप काढा आणि फोन फॅक्टरी रीसेट करा.