खो-खोपटूचा गुडघा: गोळे चिकटवून मोजायचा की मोबाईलवर?

सोलापूरच्या पार्क मैदानावर खांबाकडे सूर मारणाऱ्या मुलीचा गुडघा नेमका किती वाकतो, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. मोजायच्या वाटा दोन.

पहिली जुनी, खात्रीची. अंगावर चकाकणारे छोटे गोळे चिकटवायचे, भोवती इन्फ्रारेड कॅमेरे लावायचे. गोळ्याची जागा मिलिमीटरच्याही आत कळते. (कातडी हाडावरून सरकते, ती चूक राहतेच.) पण खर्च लाखांत, आणि आपला मे महिना! घामानं चिकटपट्टी सुटते. पोरीनं एकदा मातीत अंग टाकलं की गोळे शोधत बसा.

दुसरीत फक्त व्हिडिओ. गुगलचं मीडियापाइप हे सॉफ्टवेअर एका चित्रातून शरीरावरचे 33 बिंदू ओळखतं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ओपनकॅप या सॉफ्टवेअरला दोन आयफोन पुरतात. ओपनकॅपच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सांध्यांच्या कोनातली सरासरी चूक साडेचार अंशांच्या आसपास होती. सरावाला एवढं चालतं.

खरी पंचाईत खो-खोचीच. ओळीत आठ जण बसलेले, त्यात धावणारी नेमकी कोण, यात संगणक गोंधळतो. ढगळ जर्सीत कंबर दिसत नाही, मग तो अंदाज ठोकतो.

गुडघ्याच्या पिळावर, लिगामेंटवर (हाडाला हाड जोडणाऱ्या पट्ट्यावर) संशोधन करायचं असेल तर मी गोळेच घेईन. रोजच्या मैदानाला मोबाईल. मात्र कपडे अंगासरशी, फोन तिकाटण्यावर, आणि सेकंदाला 30 नव्हे, 240 चित्रं. नाहीतर सूर मारतानाचा पाय नुसता धुरकट पट्टा दिसतो.