इनुविकमधून खग्रास चंद्रग्रहण: मार्च २०२६चं की डिसेंबर २०२८चं?

इनुविक म्हणजे कॅनडात पार वर, आर्क्टिक सर्कलच्याही पलीकडे. ३ मार्च २०२६चं ग्रहण तिथे पहाटे ४ वाजून ४ मिनिटांनी खग्रास, ५८ मिनिटं, चंद्र बऱ्यापैकी वर आणि खरी मजा म्हणजे पौर्णिमेचा लख्ख उजेड गेला की पुसटसा अरोरासुद्धा (ध्रुवाकडच्या आकाशात दिसणारा रंगीत प्रकाश) दिसायला लागतो, आकाश मोकळं असेल तर. थंडी मात्र जबरी, श्वासाची वाफ लेन्सवर गोठते, जादा बॅटरी जॅकेटच्या आतल्या खिशातच ठेवायची.

३१ डिसेंबर २०२८चं ७१ मिनिटांचं, पण सकाळी दहाच्या सुमारास! तेव्हा तिथे सूर्य उगवत नाही नि पौर्णिमेचा चंद्र मावळत नाही, म्हणून वायव्येला खाली दिसतो.

आकाशासाठी मार्चच भारी. पण डिसेंबरचं त्याच क्षणी पुण्यात गच्चीवरून आईलाही दिसेल, रात्री साडेदहाला, म्हणून माझं मत डिसेंबरलाच.