कॉलेज रोडवरची सुटी व्हे पावडर: माल चांगला, फक्त उकळत्या दुधात टाकू नका

कॉलेज रोडवर एका सप्लिमेंटच्या दुकानात बिनचवीची व्हे पावडर (दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्यातल्या प्रोटीनची) सुटी मिळते. ८० टक्क्यांची, म्हणजे ३० ग्रॅमला २४ ग्रॅम प्रोटीन. रंग सायीसारखा, वास ताज्या दूध पावडरीचा. माल खरोखर चांगला आहे. ‘गुठळ्या होतात’ अशी ओरड ऐकू येते, पण त्यात दोष बहुतेक वेळा गरम दुधाचा असतो.

व्हेमधलं साधारण निम्मं प्रोटीन म्हणजे बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन. १६२ अमिनो आम्लांची साखळी स्वतःवरच दुमडून तिचं इवलंसं पिंप होतं. पाण्याशी न जमणारे भाग बहुतेक आत, जमणारे बाहेर, म्हणून ते गार पाण्यात सहज विरघळतं. पिंपाच्या पोकळीत ‘अ’ जीवनसत्त्वाचा रेणूसुद्धा बसतो. ७० अंशांच्या वर ही घडी उलगडते, आत दडलेला गंधकाचा गट उघडा पडतो आणि शेजारच्या रेणूला जाऊन जुळतो. उकळत्या दुधात चमचा रिकामा केला की जे रवाळ गोळे तरंगतात, ते हेच. दुधातलं मुख्य प्रोटीन, केसीन, उकळी सोसतं, कारण त्याला उलगडायला अशी घट्ट घडीच नसते.

शेकरमध्ये आधी २५० मिली गार पाणी, वरून ३० ग्रॅम पावडर. वीसेक वेळा हलवून पाच मिनिटं ठेवा. मिक्सर नको, बुडबुड्यांच्या पृष्ठभागावरही घडी सैल होते आणि ग्लासभर फेस उरतो. दूध हवंच असेल तर कोमट, बोट सहज बुडेल इतकंच. गार ताकात छान लागते, पण त्याची कढी करू नका. ताकाच्या आंबटपणाला या रेणूंवरचा विद्युतभार फार थोडा उरतो, ते एकमेकांना दूर ढकलत नाहीत. आच लागली की चोथा वेगळा, पाणी वेगळं. बेसन लावूनही भरवसा नाही.

गुठळ्या झाल्याच तर फेकू नका, थालीपिठाच्या पिठात मळा. अमिनो आम्लं तीच राहतात, आणि उलगडलेली साखळी पोटातल्या पेप्सिन या पाचक द्रव्यानं उलट लवकर तुटते.

दुकानाचं एकच खटकतं: बरणी खिडकीशी, उन्हात. उष्णतेनं पावडरीतली लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, लायसीन या अमिनो आम्लाला चिकटते, रंग पिवळट होतो आणि तेवढं लायसीन खरंच वाया जातं. आतल्या बंद पिशवीतून मोजून मागा, देतात. उन्हाळ्यात अर्ध्या किलोच्या वर घेऊ नका, पावसाळ्यात डब्यात ओला चमचा घालू नका.