आठ महिने बिटवॉर्डन: फोन, लॅपटॉप आणि आयपॅडवर

अँड्रॉइड फोन, विंडोजचा लॅपटॉप आणि आयपॅड या तिन्हींवर आठ महिने रोज वापरल्यावर बिटवॉर्डन या पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपबद्दल (पासवर्ड मॅनेजर) मत पक्कं झालंय: ॲप चांगलं आहे, पण बसवण्याचा क्रम चुकला तर आपणच आपल्या खात्याबाहेर कुलूपबंद होतो. फुकट आवृत्तीत पासवर्ड कितीही ठेवता येतात आणि उपकरणंही कितीही जोडता येतात. मॅनेजर निवडताना ही अट आधी बघा. लास्टपास या दुसऱ्या मॅनेजरने मार्च २०२१मध्ये फुकट खातेदारांना संगणक किंवा मोबाइल यांपैकी एकच प्रकार निवडायला लावला होता.

सुरुवात लॅपटॉपच्या ब्राउझरमधून करा, फोनवरून नको. खातं उघडताना सर्व्हर विचारला जातो, डॉट कॉम की डॉट ईयू. हे दोन वेगळे सर्व्हर आहेत. एकावर उघडलेलं खातं दुसऱ्यावर सापडत नाही, आणि मग बरोबर पासवर्ड टाकूनही ‘चुकीचा’ असंच उत्तर येतं. फोनवर लॉगिन होत नसेल तर लॉगिनच्या पडद्यावर कोणता सर्व्हर निवडलाय ते आधी तपासा.

मास्टर पासवर्ड, म्हणजे बाकी सगळे पासवर्ड उघडणारा एकच पासवर्ड, किमान १२ अक्षरांचा लागतो, पण एकमेकांशी संबंध नसलेले पाच शब्द घ्या. शब्दकोश कुठेही उघडून बोट ठेवलं तर उत्तम. मनाने निवडले की आपण नकळत ओळखीचेच शब्द उचलतो. मराठी शब्द रोमन लिपीत लिहिणार असाल तर ज्यांचं स्पेलिंग एकाच प्रकारे होतं तेच घ्या. ‘ताक’ लिहिताना एक ए की दोन, ‘छत्री’त एच एक की दोन, हे तीन महिन्यांनी आठवत नाही. देवनागरी मास्टर पासवर्ड टाळाच. ‘दऱ्या’मधला ऱ युनिकोडमध्ये एक स्वतंत्र अक्षर म्हणूनही टाइप होतो आणि र अधिक नुक्ता (खालचा टिंब) असाही. फोनचा कीबोर्ड एक पाठवेल, लॅपटॉपचा दुसरा. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण यंत्राच्या लेखी ती वेगळी अक्षरं असू शकतात.

मग क्रोममधले जुने पासवर्ड आणा. क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंग्जमधून ‘एक्स्पोर्ट’ केलं की सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) मिळते. बिटवॉर्डनच्या वेब व्हॉल्टमध्ये (ब्राउझरमध्ये उघडणारी आपली पासवर्डची तिजोरी) ‘टूल्स’मधून ‘इम्पोर्ट डेटा’ घ्या, प्रकार ‘क्रोम सीएसव्ही’ निवडा, फाइल द्या. इम्पोर्ट एकदाच करा. तीच फाइल दुसऱ्यांदा दिली तर प्रत्येक नोंद दुप्पट होते आणि ती निस्तरायला आख्खी संध्याकाळ जाते. त्या फाइलमध्ये सगळे पासवर्ड उघडेच लिहिलेले असतात. ती डाउनलोड्समधून, रिसायकल बिनमधून आणि फोल्डर क्लाउडवर आपोआप जात असेल तर तिथूनही काढा. त्यानंतर क्रोमची ‘पासवर्ड सेव्ह करू का’ ही विचारणा बंद करा, नाहीतर नवा पासवर्ड एकीकडे आणि जुना दुसरीकडे अशी फाटाफूट होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नव्या उपकरणावर लॉगिन करताना दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड) लावलेली नसेल तर बिटवॉर्डन ईमेलवर कोड पाठवतं. ईमेलचा पासवर्ड फक्त व्हॉल्टमध्ये असेल तर? व्हॉल्ट उघडायला ईमेल हवा, ईमेल उघडायला व्हॉल्ट. दुहेरी पडताळणी लावली, पण कोड देणारं ॲप एकाच फोनवर ठेवलं, तर फोन हरवला की तोच फास. एसएमएसवर विसंबाल तर डुप्लिकेट सिम घेतल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. त्यामुळे पडताळणी लावल्या दिवशीच बिटवॉर्डनचा रिकव्हरी कोड (पडताळणीचा कोड मिळत नसेल तेव्हा वापरायचा) कागदावर उतरवा. त्याच कागदावर मास्टर पासवर्ड अचूक स्पेलिंगसह, खात्याचा ईमेल, सर्व्हर कोणता ते आणि ईमेलचे बॅकअप कोड लिहा. कागद घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवा, फोटो काढू नका. मास्टर पासवर्ड विसरलात तर कंपनीही तो परत देऊ शकत नाही, कारण तो त्यांच्याकडे नसतोच.

बोटाच्या ठशाने फोनवरचं ॲप उघडण्याची सोय छान आहे, पण तिच्यामुळे मास्टर पासवर्ड टाइप करायची सवयच जाते. फोनमध्ये नवं बोट नोंदवलं की ॲप तोच पासवर्ड मागतं, आणि नेमका तेव्हा तो आठवत नाही. लॅपटॉपवर ठसा किंवा पिन लावू नका. ब्राउझर उघडताना मास्टर पासवर्ड हाताने टाकायचा, म्हणजे बोटांत राहतो.

अँड्रॉइडवर फोनच्या सेटिंग्जमध्ये ऑटोफिल (पासवर्ड आपोआप भरणारी) सेवा म्हणून बिटवॉर्डन निवडणं पुरत नाही. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘ऑटोफिल सर्व्हिसेस’मध्ये जाऊन दुसरी सेवा वापरण्याचा पर्याय निवडा आणि क्रोम पुन्हा सुरू करा. काही फोन बॅटरी वाचवायला मागची ॲप्स बंद करतात. तिथे बिटवॉर्डनवरचं बॅटरीचं बंधन काढा. आयपॅडवर ‘जनरल’मधल्या ‘ऑटोफिल अँड पासवर्ड्स’मध्ये ते सुरू करून ॲपलचा पर्याय बंद केला की काम संपलं. या बाबतीत आयपॅड सर्वांत कमी त्रासाचा.

बँकांच्या संकेतस्थळांशी मात्र झगडावं लागतं. ग्राहक क्रमांक एका पानावर, पासवर्ड दुसऱ्यावर, अशी रचना असली की आपोआप काही भरत नाही. दोन्ही पानांवर कंट्रोल-शिफ्ट-एल दाबून बघा. तिसरा रकाना असेल तर त्यावर उजवी क्लिक करून ‘कॉपी कस्टम फील्ड नेम’ घ्या आणि त्या नावाने नोंदीत कस्टम फील्ड (आपण वाढवलेला रकाना) जोडा. पासवर्डवर १५ वगैरे अक्षरांची मर्यादा असलेली ठिकाणं आहेत. काही जास्तीची अक्षरं न सांगता कापतात, म्हणून नवा पासवर्ड ठेवल्यावर बाहेर पडून लगेच पुन्हा आत जाऊन बघा. गोंधळ झालाच तर नोंदीच्या इतिहासात मागचे पाच पासवर्ड असतात.

सरकारी पोर्टलांसाठी एक बदल करा. ‘आपले सरकार’चा पत्ता महाऑनलाइन डॉट गव्ह डॉट इनच्या पोटात आहे, आणि बिटवॉर्डन मुळात मुख्य डोमेन जुळवतं, त्यामुळे त्याच डोमेनवरच्या इतर सेवांची खातीही यादीत येतात. नोंदीत ‘मॅच डिटेक्शन’ला ‘होस्ट’ केलं की हवं तेच खातं पुढे येतं.

एका उपकरणावरचा बदल दुसऱ्यावर सहसा लगेच दिसतो; नाही दिसला तर सेटिंग्जमधून हाताने सिंक करा. घरातल्या दोघांसाठी वीजबिल, गॅस, वायफाय असले पासवर्ड वाटून घ्यायला दोन सदस्यांची फुकट ‘ऑर्गनायझेशन’ (बिटवॉर्डनमधली सामायिक जागा) पुरेशी आहे.

बॅकअप दर तीन महिन्यांनी पेन ड्राइव्हवर. एक्स्पोर्ट करताना एन्क्रिप्टेड जेसन (कुलूपबंद फाइलचा प्रकार) निवडा आणि त्यातही ‘पासवर्ड प्रोटेक्टेड’. दुसरा, खात्याशी बांधलेला प्रकार फक्त त्याच खात्यात उघडतो. खातंच गेलं तर फाइल निरुपयोगी. सीएसव्हीत कार्डांच्या नोंदी येत नाहीत, म्हणून बॅकअपसाठी ती वापरू नका. या फाइलचा पासवर्डही त्याच कागदावर लिहायचा.