ओढतो चांगला, पण सोडतो का? राइडिंग मोवरच्या अरॅमिड ड्राइव्ह बेल्टबद्दल

आमच्याकडे राइडिंग मोवर, म्हणजे वर बसून चालवायचं गवत कापण्याचं यंत्र, चालवतो माझा दीर आणि दुरुस्त करते मी. त्यामुळे या बेल्टबद्दल घरात दोन मतं आहेत. त्याचं एका वाक्यात संपतं: "वहिनी, आता चढावर रडत नाही." माझं जरा लांबतं, कारण बेल्ट बसवताना यंत्राखाली आडवी मी झाले होते.

घेतला तो ड्राइव्ह बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या पुलीवरून मागच्या गिअरबॉक्सकडे जाणारा आणि चाकं फिरवणारा. डेक म्हणजे पोटाखालचा पात्यांचा डबा; त्यातली पाती फिरवणारा बेल्ट निराळा. वरची रुंदी अर्धा इंच, बाहेरच्या अंगाने लांबी ९५ इंच, आत अरॅमिडचे (केव्हलरच्या जातीच्या चिवट धाग्याचे) दोर आणि चहूबाजूंनी कापडाचं आवरण. मोवर बनवणाऱ्या कंपनीचा नाही, दुसऱ्याच कंपनीचा आहे. पण पाकिटावर मूळ पार्ट नंबर दिलाय आणि माप त्याच्याशी जुळतं.

मापाचं आधी सांगते, कारण निम्मे वाईट शेरे तिथूनच येतात. बेल्टवर ४एल९५० असं छापलेलं असतं. यातला ४ म्हणजे इंचाचे चार अष्टमांश, अर्थात अर्धा इंच रुंदी. ९५० म्हणजे ९५.० इंच, बाहेरून मोजलेले. त्याच रुंदीचा 'ए' जातीचा साधा व्ही-बेल्टही (आतल्या बाजूला निमुळता होत जाणारा) सगळीकडे मिळतो, पण त्याच्यावरचा आकडा आतल्या लांबीचा असतो. ९५ इंच हवाय म्हणून ए९५ आणला, तर तो बाहेरून सुमारे ९७ इंच भरतो आणि आयडलर, म्हणजे बेल्ट ताणून धरणारं चाक, पार शेवटाला गेला तरी सैल राहतो. ४एल९५० च्या जवळचा म्हणजे ए९३. आणि जुना बेल्ट टेपने मोजून नवा मागवायचा विचारही करू नका. ताणून लांब झालेल्या बेल्टचं माप घेऊन काय करणार? पार्ट नंबर बघा.

आता मुद्द्याचं. बेल्टच्या जाहिराती वाचल्या की सगळीकडे ताकद, ताकद आणि ताकद. पण माझ्या मते मोवरचा ड्राइव्ह बेल्ट पारखायचा तो सोडण्यावरून. आमचं यंत्र गिअरचं आहे, क्लच आणि ब्रेक एकाच पेडलवर. त्या क्लचमध्ये प्लेट वगैरे काही नसते; बेल्ट हाच क्लच. पेडल दाबलं की आयडलर मागे सरतो, बेल्ट सैल पडतो, इंजिनाची पुली त्याच्या आत नुसती फिरत राहते आणि गाडी थांबते. पेडल सोडलं की स्प्रिंग आयडलरला ओढते, बेल्ट खाचेत घट्ट बसतो आणि गाडी चालू लागते. म्हणजे दर वेळी निघताना-थांबताना हा बेल्ट फिरत्या पुलीवर घासणार, हे ठरलेलंच आहे.

कापडी आवरण हवं ते याचसाठी. आवरणाचा बेल्ट सैल पडला की पुलीवरून कोरडा सरकतो. गाडीच्या इंजिनाला लावतात तसा उघड्या कडांचा बेल्ट नुसत्या रबराने खाचेला धरून बसतो. अल्टरनेटरला ते बरं, कारण तिथे कुणाला मध्येच सोडायचं नसतं. या बेल्टच्या आधी एका मेकॅनिकने तसलाच 'दणकट' बेल्ट आमच्या मोवरला चढवून दिला होता. ओढायचा मस्त. पण पेडल पूर्ण दाबलं तरी गाडी हळूहळू पुढे सरकायची आणि गिअर टाकताना कर्र आवाज यायचा. कुंपणाशी गाडी थांबवायची आणि ती थांबत नाही, ही गंमत नव्हे.

नव्या बेल्टने ती खोड मोडली. पेडल दाबलं की गाडी जागच्या जागी उभी, गिअर मुकाट्याने पडतो. पेडल सोडताना किंचित सरकत, मग धरत जातो. धक्का बसत नाही. अरॅमिडचा फायदा वेगळा: हे दोर पॉलिएस्टरपेक्षा फारच कमी ताणले जातात. साधा बेल्ट जसजसा लांबतो तसतसा आयडलर आपल्या वाटेच्या शेवटाकडे जातो, मग स्प्रिंगचा जोर उरत नाही आणि चढावर बेल्ट घसरायला लागतो. याच्या बाबतीत, सुरुवातीचे काही तास चालवल्यावर पेडलचा दांडा एकदा जुळवून घेतला, त्यानंतर आयडलर तिथेच आहे.

बसवणं मात्र सोपं नाही, आणि त्यात बेल्टचा दोष नाही. चावी काढून खिशात टाका आणि प्लगची वायर उपसून बाजूला करा. यंत्र उचलायचं असेल तर नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा. डेक आधी काढावा लागतो: सर्वांत खालच्या उंचीवर घ्यायचा, डेकचा बेल्ट उतरवायचा, पिना काढायच्या आणि एका बाजूने सरकवून बाहेर. काही यंत्रांत डेक न काढता हे काम होतं असं म्हणतात. होतही असेल, माझा हात तेवढा बारीक नाही.

इंजिनाच्या दांड्यावर एकाखाली एक अशा दोन खाचा असतात. आमच्याकडे वरची चाकांची, खालची पात्यांची. आणि ती खालची इलेक्ट्रिक क्लचवर आहे; हा पाती चालू-बंद करणारा, पेडलच्या क्लचहून वेगळा. म्हणजे वरचा बेल्ट काढायचा तर त्या क्लचला वळसा घालून आणावा लागतो. बऱ्याच यंत्रांत क्लचच काढावा लागतो. तो काढलात तर परत बसवताना त्याची खाच चेसिसच्या अडकणीत बसली आहे का, हे बोटाने चाचपून बघा. ती बसली नाही तर क्लच स्वतःच गरगर फिरतो आणि वायर तोडून घेतो.

आता बेल्टची वाट. बेल्टसोबत आलेला कागद मी वाचला आणि बाजूला ठेवला. त्यावर एकच चित्र, तेही भलत्याच मोवरचं. याबद्दल पाचपैकी एक तारा कापलाय. खरं चित्र शोधायचं ते यंत्राच्या पुस्तकात किंवा पायाखालच्या पत्र्यावरच्या स्टिकरवर; आणि तेही नसेल तर जुना बेल्ट जागेवर असतानाच वरून, खालून आणि मागून फोटो काढून ठेवा. तुटून पडलेल्या बेल्टचा फोटो काढून काहीच कळत नाही.

चित्रापेक्षाही उपयोगी पडतो तो एक साधा नियम: बेल्टचं निमुळतं अंग खाचेच्या पुलीत, सपाट पाठ सपाट आयडलरवर. इंजिनाची पुली, गिअरबॉक्सची पुली आणि खाचेचा आयडलर यांना बेल्ट आतून मिठी मारतो. सपाट आयडलर त्याला बाहेरून, पाठीवर दाबतो. सगळा बेल्ट घालून झाला आणि कुठे निमुळतं अंग सपाट चाकावर आलेलं दिसलं, तर एक तर तो वाटेत पिळला गेलाय किंवा आयडलरच्या चुकीच्या बाजूने गेलाय. डेक बेल्टच्या काही रचनांत मुद्दाम पाव पीळ दिलेला असतो, ते वेगळं. चाकांच्या बेल्टला आमच्याकडे कुठेही पीळ नाही.

पण नियम पाळूनही बेल्ट चुकीचा जाऊ शकतो, आणि याचं कारण मधल्या दांड्या. क्लचचा दांडा, ब्रेकचा दांडा, गिअरची लिंक, पुढे स्टिअरिंगचा दांडा. बेल्ट यांच्या वरून जायचा की खालून, हे हाताने वाट धरत पाहावं लागतं. मी इंजिनापाशी एक बोट ठेवते आणि बेल्टवरून ते पूर्ण फेरी फिरवून परत तिथेच आणते. बोट कुठे लोखंडाला घासलं, तर बेल्टही घासणार.

दुसरं म्हणजे बेल्ट राखणाऱ्या खुंट्या. पुलींच्या आणि आयडलरच्या कडेला जाड तारेच्या किंवा पत्र्याच्या असतात त्या. बहुतेक लोकांना वाटतं त्या बेल्ट निसटू नये म्हणून आहेत. आहेतच, पण इंजिनाच्या पुलीजवळच्या खुंट्यांचं खरं काम सोडवण्याचं. पेडल दाबल्यावर सैल बेल्ट बाहेर फुगायला बघतो. खुंटी त्याला अडवते, त्यामुळे तो फुगवटा आत ढकलला जाऊन बेल्ट पुलीच्या खाचेतून सुटतो. खुंटी वाकून लांब गेली असेल तर कितीही चांगला बेल्ट आणा, गाडी सरकतच राहील. बेल्ट ताणलेला असताना खुंटी त्याला टेकता कामा नये. साधारण दीड ते तीन मिमी फट पुरते. आणि बेल्ट खुंटीच्या आतून जायला हवा. त्यासाठी आयडलरचा बोल्ट बराच सैल करून बेल्ट आत सरकवावा लागतो. तो सैल न करता स्क्रू ड्रायव्हरने बेल्ट खुंटीवरून उपटून घालणारे लोक मी पाहिलेत.

या बेल्टला तसं करणं महागात जातं. अरॅमिडला ताण कितीही द्या, पण तीव्र घडी सोसत नाही. जिथे घडी पडते तिथे दोर आतून मोडतात, बाहेरून काहीही दिसत नाही आणि मग एके दिवशी अगदी नव्या दिसणाऱ्या बेल्टचे दोन तुकडे होतात. हे विकणाऱ्यालाही माहीत असायला हवं. माझा पहिला नग आला तो चप्पट वळवून प्लास्टिकच्या पट्टीने करकचून आवळलेला. घड्यांच्या जागी पाठीवर पांढरट रेघा. मी परत केला; बदलून आलेला सैल वेटोळ्यात आणि पुठ्ठ्याच्या पट्टीत होता. दुसरा तारा इथे कापणार होते, पण बदलून देताना कुरकुर केली नाही म्हणून अर्धाच कापते.

बेल्ट बदलताना आयडलर हाताने फिरवून पाहिल्याशिवाय काम आटोपू नका. खरखर आली किंवा चाक डुललं, तर बेअरिंग गेलंय. अडकलेल्या आयडलरवर बेल्टची पाठ तापून काळी चकाकते, आणि लोक म्हणतात बेल्ट खराब निघाला. आमचा सपाट आयडलर डुलत होता, तो बदलला. इंजिनाच्या खालच्या सीलमधून तेल झिरपत असेल तर ते आधी निस्तरा. पुलीच्या खाचेतला गंज आणि सुकलेलं गवत तारेच्या ब्रशने काढा. खाचेचा तळ चकचकीत दिसला, तर समजा जुना बेल्ट झिजून तळाला टेकत होता. व्ही-बेल्ट कडांनी ओढतो, तळ हा टेकायचा नसतोच. नवा बेल्ट खाचेत बसल्यावर त्याची पाठ पुलीच्या काठाशी जवळजवळ सपाट आली पाहिजे. या बेल्टची आली.

घसरणाऱ्या बेल्टवर मारायचा चिकट फवारा मिळतो, तो या बेल्टवर मारू नका. कोरडेपणासाठी पैसे द्यायचे आणि मग त्यावर चिकट ओतायचं, याला काय म्हणावं?

स्प्रिंग लावताना पकडीने ओढण्यापेक्षा मजबूत दोरीचा फास घालून ओढा. पकड सुटली तर हात थेट चेसिसच्या धारेवर जातो. आमच्या यंत्रात पेडल दाबून पार्किंग ब्रेक अडकवला की आयडलर मागे राहतो आणि बेल्टसाठी जागा होते, स्प्रिंगला हातच लावावा लागला नाही. हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबावर चालणारा) गिअरबॉक्स असेल तर मागच्या पुलीवर प्लास्टिकचा पंखा असतो. बेल्ट त्याच्या एकेका पात्यावरून सावकाश फिरवत न्यावा लागतो, आणि जोर केला तर पातं तुटतं.

शेवटी पाचपैकी साडेतीन. बेल्टला म्हणून पाचपैकी पाच दिले असते. कापले ते कागदाचे आणि वेष्टनाचे. क्लच-पेडलच्या गिअर मोवरवर ड्राइव्ह बेल्ट घालायचा असेल तर हाच घ्या, अट एकच: हातात आल्यावर पूर्ण उलगडून पाठीवरून बोट फिरवा आणि घडीची रेघ लागली तर न बसवता परत पाठवा. डेकसाठी मात्र अरॅमिड बघून नुसता हाच उचलू नका. आमच्या डेकचा बेल्ट पाच अष्टमांश इंची आहे, आणि तिथे हा अर्धा इंची चढवला तर खाचेच्या तळाला जाऊन बसेल.