उजेड चांगला, पण सेलचं घर चुकलंय

आमच्याकडे शेतीपंपाची वीज कितीतरी वेळा रात्रीच येते. उसाला पाणी पाजायला बांधावरून जाताना पायाखालचं दिसायलाच हवं, म्हणून खिशात मावणारी ही एका सेलची बॅटरी घेतली. उजेड खरोखर छान, सरीच्या टोकापर्यंत जातो. आटेही गुळगुळीत आहेत. तक्रार आहे ती सेलच्या घराची.

खोक्यावर फक्त '18650' लिहिलंय. म्हणजे सेलचा व्यास 18 मिमी, लांबी 65. पण ते नाव झालं, माप नव्हे. मी संरक्षण सर्किटवाला, म्हणजे शॉर्ट झाला किंवा जास्त चार्ज झाला तर आपोआप बंद पडणारा सेल घेतला. सर्किटची चकती बुडाला असते, त्यामुळे लांबी 69.4 भरली. लांबीला स्प्रिंगनं सांभाळून घेतलं असतं, पण सेल दोन तृतीयांश आत जाऊन घट्ट बसला. पुढचं डोकं काढून लाकडी दांडीनं मागे रेटला, तेव्हा निघाला, पण वरचं प्लास्टिक खरवडलं गेलं. ही गोष्ट साधी नाही. सेलचा अख्खा डबा ऋण असतो आणि धन टोकाभोवती इन्सुलेशनची बारीकशी चकती. तिथलं आवरण फाटलं तर शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही. तो सेल मी नवी पीव्हीसी नळी चढवल्याशिवाय वापरला नाही.

मी उद्यमनगरात लेथवर काम करतो, म्हणून व्हर्नियर लावला. बोअर, म्हणजे बॅटरीच्या नळीचा आतला व्यास, 18.75. सेल एका बाजूनं 18.6, थोडा फिरवला की 18.9! सर्किटपासून धन टोकापर्यंत जाणारी पत्र्याची पट्टी आवरणाखालून जाते, तिथं तो फुगतो. बोअर काढणाऱ्यानं बिनसर्किटचा उघडा सेल मापला असणार, हे उघड आहे. नळीचा बाहेरचा व्यास 23 मिमी आहे. बोअर 19.1 ठेवला असता तरी भिंतीला काही झालं नसतं, खर्चही तोच.

शेजारच्याचा सपाट टोकाचा सेल सहज आत गेला, पण दिवा लागेना. सेल उलटा पडला तरी बिघाड होऊ नये म्हणून पुढच्या संपर्काभोवती प्लास्टिकचं कडं आहे. सपाट टोक तिथवर पोचतच नाही. म्हणजे बटणवाला (धन टोकाला उंचवटा असलेला), तोही बारीक सेल शोधायचा. हे खोक्यावर लिहायला काय हरकत होती?

शेवटी मीच नळी लेथच्या चकमध्ये धरून बोअर 19.1 केला. आता सेल आपल्या वजनानं खाली उतरतो. ज्यांच्याकडे लेथ नाही त्यांनी आपला सेल दुकानात न्यावा आणि पट्टीची बाजू चारही अंगांनी फिरवून, आत सोडून बघावा. पैसे त्यानंतर द्यावेत.